हरकतीची बाजू

माझ्या कामाचं कागदोपत्री नाव 'हरकत वकील' असं आहे. कोर्टातले लोक मला शंकाबाई म्हणतात, तेही तोंडावर, आणि मी ओ देते. काम असं: एखाद्या आजारी माणसाने डॉक्टरांच्या मदतीने मरण्याची परवानगी मागितली की त्या अर्जाविरुद्ध बोलायला न्यायासन एक वकील नेमतं. विरोधात कुणीच नसेल तर जरा जास्तच घाईने नेमतं. त्या वकिलाने सगळ्यांवर संशय घ्यायचा. मुलावर, सुनेवर, डॉक्टरवर, रोज डबा आणून देणाऱ्या शेजारणीवर आणि शेवटी खुद्द अर्जदारावर. घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायचं. वर्षानुवर्षं हे केल्यावर स्वभाव बिघडतोच. परवा नवऱ्याने न सांगता भांडी घासली, तर काय फुटलंय ते कबूल कर म्हणून मी त्याच्या मागे लागले. फुटलं होतंच. किटलीचं झाकण.

हे सगळं मला सरांनी शिकवलं. मी त्यांच्या ऑफिसात ज्युनिअर म्हणून लागले तेव्हा मला अशील आणि साक्षीदार यांतला फरक कळत होता, त्यापलीकडे फारसं काही कळत नव्हतं. सर किरकोळ अंगाचे, हळू आवाजाचे. पण मरणाच्या हक्काविरुद्ध सरकारच्या बाजूने उभे राहिले की समोरच्याला घाम फुटायचा. समोर बहुतेक वेळा एकच वकील असे, सरांचा कॉलेजातला मित्र. त्याचा आवाज असा की सगळे त्याला तोफ म्हणायचे. दोघे दिवसभर एकमेकांची सालटी काढायचे आणि संध्याकाळी एकाच टेबलावर बुद्धिबळ मांडून बसायचे.

तेव्हा वाद साधा होता. तोफ म्हणायची, जगण्याचा हक्क आहे तर न जगण्याचाही हवा. सर उठून हळूच म्हणायचे, "घरात राहायचा हक्क आहे म्हणून घर पेटवायचा हक्क मिळत नाही." न्यायमूर्ती हसायचे आणि याचिका फेटाळली जायची.

काही वर्षांनी तोफ पवित्रा बदलून आली. आता म्हणणं असं की आम्ही मारायला सांगतच नाही, नुसती नळी काढायला सांगतोय. यंत्रामुळे अडलेलं मरण मोकळं करा. सर म्हणाले, नळी काढणारा हातही हातच असतो. ती केस आम्ही थोडक्यात हरलो. मग त्याच विजयाची शिडी करून तोफ वर चढली. ज्याला नळी आहे तो सुटतो आणि ज्याला नाही तो तळमळत राहतो, हा कुठला न्याय? याला उत्तर देताना सरांना पहिल्यांदा पाणी प्यावं लागलं. आमच्या बाजूचे मुद्दे तोवर एकेक करून म्हातारे होत चालले होते. जीवन पवित्र आहे असं म्हटलं की न्यायमूर्ती घड्याळाकडे बघायचे. आज मरणाऱ्यांना द्याल, उद्या अपंगांना द्याल, परवा नुसत्या म्हाताऱ्यांना, हा घसरणीचा मुद्दा बरीच वर्षं टिकला, मग इतर देशांतले आकडे आले आणि दोन्ही बाजूंनी तेच आकडे वाचून दाखवायला सुरुवात केली. डॉक्टरांच्या शपथेचं काढलं, तर डॉक्टरच दोन गटांत भांडायला लागले.

शेवटी सरांकडे एकच मुद्दा उरला, दबाव. "ठीक आहे, द्या हक्क," ते म्हणाले, "पण बोलतोय तो माणूसच बोलतोय, की त्याच्या तोंडून घर बोलतंय, हे कोण बघणार?" हा मुद्दा कुणाला खोडता आला नाही. म्हणून कायदा झाला तेव्हा तो कायद्याच्या पोटातच घालावा लागला. प्रत्येक अर्जाला हरकत वकील हवा. सुनावणी गोपनीय हवी. अर्जदाराला एकट्याला बसवून प्रश्न विचारायचे, नातेवाईक दाराबाहेर. आणि ते प्रश्न तयार केले सरांनी. आडून, फिरवून, पुन्हा तेच वेगळ्या तोंडाने विचारणारे प्रश्न. मी आजही तेच विचारते.

अशात माझ्या टेबलावर सरांचाच अर्ज आला.

स्नायू झिजत जाण्याचा आजार. पाय गेले होते, हात निघाले होते, जीभ जड झाली होती. हे मला माहीत होतं, मी अधूनमधून भेटायला जात होते. पण अर्ज? ज्या माणसाने जन्मभर हे दार आतून दाबून धरलं, तो स्वतः बाहेरून कडी वाजवणार? आणि अर्जावर वकील म्हणून नाव तोफेचं. मनात पाल चुकचुकली म्हणणं कमी होईल, सगळं छतच चुकचुकायला लागलं.

मी अध्यक्ष बाईंकडे जाऊन सांगितलं की हे माझे गुरू आहेत, मला यातून काढा. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "त्यांना न ओळखणारा वकील या इमारतीत दाखवा, मी लगेच त्याला नेमते." असा वकील नव्हता. खरं सांगायचं तर मीही फार जोर लावला नाही. या प्रकरणात पाणी कुठे मुरतंय ते दुसऱ्या कुणाला सापडलं नसतं असं मला वाटत होतं, आणि सापडेपर्यंत सर गेले तर मी काय करणार होते?

पहिला संशय तोफेवर. उभ्या आयुष्यातला कट्टर विरोधक आपल्याच कायद्याखाली अर्ज करतोय, याहून मोठा विजय वकिलाला कोणता? मी त्यांना कोर्टाच्या कँटीनमध्ये गाठलं.

"अभिनंदन," मी म्हणाले. "अखेर आणलंत त्यांना तुमच्या बाजूला."

त्यांनी चहा ढवळायचा थांबवला. "शंकाबाई, मला आनंद झाला असता तर बरं झालं असतं हो. तो पहिल्यांदा बोलला तेव्हा मी म्हटलं, नको रे."

"जन्मभर लोकांना हो म्हणत आलात आणि मित्राला नको?"

"हो. लोकांचं वेगळं असतं. लोक माझ्याशी बुद्धिबळ खेळत नाहीत."

"मग केस कशाला घेतलीत?"

"तो म्हणाला, दुसरा कुणी घेईल तो नीट भांडणार नाही." तोफेचा आवाज इतका बारीक झाला होता की मला पुढे वाकावं लागलं. मला त्यांचं खरं वाटलं नाही. वकिलाचा आवाज बारीक होतो तेव्हा मी जास्त सावध होते.

दुसरा संशय मुलीवर. सरांची ही एकुलती एक लेक इमारतींचे नकाशे काढायची. बायको गेल्यापासून सर तिच्याकडेच होते, आणि आजार वाढल्यावर तिने नोकरी सोडली होती. माझ्या अनुभवात संशयाला याहून सुपीक जमीन नाही. प्रेमाने केलेली सेवा आणि कंटाळून केलेली सेवा बाहेरून सारखीच दिसते.

मी घरी गेले तेव्हा तिने दार उघडलं. कमरेला पट्टा, केस कसेतरी बांधलेले. आत गेल्यागेल्या मला दिसलं की न्हाणीघराच्या दाराची चौकट काढलेली आहे. बाजूची भिंत अर्धी फोडलेली, विटा उघड्या, त्यावर जुनी चादर टाकलेली. माणूस अजून आत श्वास घेतोय आणि इकडे घराची डागडुजी सुरू? माझं डोकंच फिरलं.

"छान," मी म्हणाले. "कामाला लागलात लगेच."

"दार रुंद करत होते, ताई," ती म्हणाली. "चाकाची खुर्ची आत जात नाही. मला त्यांना दारापासून उचलून न्यावं लागतं. गवंडी आला, अर्धी भिंत फोडून झाली आणि बाबा म्हणाले, थांबव."

"का?"

"सांगितलं नाही. त्याच आठवड्यात अर्ज केला."

उत्तर तयार होतं असं मी मनात टिपलं. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, पण माझी कावीळ सरकारमान्य आहे. आत सरांपाशीही मुलगी पुढेपुढे करत राहिली. ते एक शब्द सुरू करायचे आणि ती तो पुरा करायची. तेही मी टिपलं. मग नियमाप्रमाणे तिला बाहेर जायला सांगितलं. "मी जिन्यात बसते," म्हणून ती गेली.

सर खिडकीशी खुर्चीत होते. मी प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि तिसऱ्या-चौथ्या प्रश्नालाच माझ्या लक्षात आलं की मी मूर्ख आहे. ज्याने पेपर काढला तोच परीक्षेला बसला होता! प्रत्येक प्रश्नामागे कोणता सापळा आहे हे त्यांनीच तर मला शिकवलं होतं. पढवलेला माणूस सरळ उत्तर देतो, खरा माणूस भरकटतो, असं ते सांगायचे. तर सर सुरेख भरकटत होते. 'तुमच्या आजारामुळे घरातल्यांची आयुष्यं बदलली का?' या प्रश्नाला ते अडखळत, शब्द गिळत, समोरच्या गॅलरीतल्या माणसावर घसरले. तो रोज सकाळी शेजाऱ्याच्या कुंडीत पाणी घालतो आणि कुणी बघत नाहीसं पाहून त्यातलंच एक फूल तोडतो. मग चहावर घसरले. चहा म्हणे आता घट्टच लागतो, कारण घट्ट पेय गिळता येतं आणि पातळ येत नाही, म्हणून चहात पूड घालून तो घट्ट करतात आणि मग तो चहा राहत नाही. मला हसू आलं. मग हसल्याबद्दल स्वतःचाच राग आला. हे खरं भरकटणं होतं की मला शिकवलेलं?

"सर, तुम्ही नाटक करताय."

"सिद्ध... कर," ते म्हणाले. डोळ्यांत जुनी खोडकर चमक होती.

मला रडावंसं वाटलं. या माणसाने मला पहिली फाइल हातात दिली होती, माझ्या पहिल्या पराभवानंतर मला घरी सोडायला स्वतः आला होता. माझ्या वडिलांनी माझी वकिली कधी धड ऐकलीही नाही, ती यांनी ऐकली. आता हे खरं बोलत असतील आणि मी आडवी गेले, तर त्यांना तडफडत ठेवल्याचं पाप माझं. खोटं बोलत असतील आणि मी फसले, तर ते मरणार, ज्या कारणाने कुणी मरू नये म्हणून ते जन्मभर भांडले त्याच कारणाने. आणि माझ्या हातात त्यांनीच बनवलेली कुलपं, ज्यांच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्याच खिशात.

मी बाहेर आले. मुलगी जिन्यात झोपली होती. भिंतीला डोकं टेकलेलं, एक चप्पल पायातून निसटून खालच्या पायरीवर पडलेली. माझ्या मनात पहिला विचार काय यावा? ही नाटक तर करत नाही? तो विचार आला आणि मला स्वतःची किळस आली. मी चप्पल उचलून तिच्या पायाशी ठेवली. त्या आवाजाने ती दचकून उठली.

"झालं? काय म्हणाले?"

"ते सांगता येत नाही."

"हो, बरोबर." ती उठायला लागली, कमरेवर हात ठेवून.

इतक्या वर्षांत मी किती मुलींना, सुनांना, भावांना विचारलं असेल: घर कुणाच्या नावावर आहे, तुम्ही शेवटचं भांडलात कधी, अर्जाचा विषय आधी कुणी काढला. संशयिताला विचारतात तेच सगळं. त्यांना नातेवाईक म्हणून मी कधी काही विचारलंच नव्हतं. सरांनी त्यांना दाराबाहेर बसवलं होतं आणि मी ते दार कधी उघडलं नव्हतं.

"तुला काय हवंय गं?" मी विचारलं.

ती उठता उठता थांबली. "याचं उत्तर चुकलं तर काय होतं, ताई?"

"काही होत नाही. मी सहज विचारतेय."

"तुम्ही सहज विचारता?"

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. चप्पल पायात सरकवत ती म्हणाली, "मला बाबा हवेत. आणि मला झोप हवीय. दोन्ही एकदम मिळणार नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलं बहुतेक. मी तर दाराचं माप घेताना गवंड्याला सांगत होते, पक्कं कर, वर्षानुवर्षं टिकायला हवं. ते आतून ऐकत होते."

मग मला ती अर्धी फोडलेली भिंत समजली. त्यांनी हातोडा ऐकला, वर्षानुवर्षं हा शब्द ऐकला, आणि काम थांबवलं. ते स्वतःच्या वेदनेमुळे जात नव्हते. ते हिला मोकळं करायला जात होते. आणि आपल्यालाच ओझं समजणाऱ्या माणसाची संमती ही मोकळी संमती नव्हे, हे कोर्टात पहिल्यांदा कुणी मांडलं होतं? सरांनीच.

सुनावणीच्या दिवशी अध्यक्ष बाई आणि दोन सदस्य, एक डॉक्टर, टेबलाच्या अलीकडे आम्ही. मी उठून मागणी केली की अर्जदाराला प्रश्न विचारताना त्यांच्या मुलीला खोलीत बसू द्यावं.

सरांचं तोंड पांढरं पडलं. त्यांनी तोफेची बाही ओढली. तोफ उठली आणि, काय सांगू, सरांचंच जुनं भाषण करायला लागली: नातेवाइकांची उपस्थिती हाच दबाव, त्यांच्यासमोर माणूस खरं बोलत नाही, म्हणून तर कायद्याने त्यांना बाहेर ठेवलं. शब्द न् शब्द सरांचा. त्याविरुद्ध बोलायला मी उभी. कुणी आमची जुनी भांडणं ऐकली असती तर त्याला वाटलं असतं, या लोकांनी सकाळी गडबडीत एकमेकांचे डगले घातलेत.

"नातेवाइकांना बाहेर काढलं की दबाव बाहेर गेला असं आपण समजतो," मी म्हणाले. "पण काही दबाव माणूस स्वतःच आत घेऊन येतो. या अर्जदाराला आपले सगळे प्रश्न पाठ आहेत. मुलीसमोर उत्तर देण्याचा सराव मात्र त्यांनी केलेला नाही. त्यांच्या हरकतीचं कारणही तेच आहे."

अध्यक्ष बाईंनी दोन्ही बाजूंना पाहिलं, डॉक्टरांशी कुजबुजल्या आणि मुलीला आत बोलावलं. ती सरांच्या समोरच्या खुर्चीत बसली. मी सरांचाच प्रश्न विचारला. "हा निर्णय तुम्ही दुसऱ्या कुणाचा भार हलका व्हावा म्हणून घेत आहात का?"

घरी विचारलं त्या दिवशी त्यांनी याला नाही म्हटलं होतं आणि दुसऱ्या प्रश्नाला गॅलरीतल्या फुलचोरावर घसरले होते. आता ते मुलीकडे बघत होते. जबडा हलत होता. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा ना, काहीतरी म्हणा.

"हो," ते म्हणाले.

"बाबा, मी कधी काही बोलले का तुम्हाला?" मुलगी रडायला लागली.

"नाही... बोललीस. कधीच... नाही. म्हणून."

अर्ज नामंजूर झाला. अर्जदाराच्या कबुलीवरून, एवढंच आदेशात आलं. मुदत संपली की ते पुन्हा अर्ज करू शकत होते. तोफ माझ्याकडे न बघता कागद गोळा करत होती. मी जिंकले होते आणि मला आनंद झाला होता, लपवत कशाला? सर जगणार होते.

मुलगी गाडी दाराशी आणायला गेली तेव्हा व्हरांड्यात मी आणि सर दोघेच उरलो. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले.

"मुद्दा... चांगला," ते म्हणाले. "मला... सुचायला हवा... होता." मग बराच वेळ घेऊन, एकेक शब्द ढकलत: "पण आता... ज्याचं कुणावर... प्रेम नाही... तोच मोकळा. असा... झाला कायदा."

त्यांच्या शेवटच्या खांबालाही मी आज तडा दिला होता आणि तो तडा त्यांना माझ्याआधी दिसला होता. उत्तर नसलं की मी एरवी आवाज चढवते. त्या दिवशी मात्र मी रडायला लागले. "सर, तुम्ही जाऊ नका," मी म्हणाले. "मला नाही सहन होणार."

ते माझ्याकडे बघत राहिले. साक्षीदाराकडे बघायला त्यांनीच मला शिकवलं होतं तसे.

"म्हणजे हरकत... तुझी होती," ते म्हणाले. "न्यायासनाची... नव्हे."

मी सगळ्यांना तपासलं होतं. तोफेला, लेकीला, त्यांना. एक माणूस राहून गेला होता.

"हो," मी म्हणाले.

"मग पुढच्या... वेळी... तू नको."

मी आता आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे जाते, दुपारी बसते आणि मुलगी आतल्या खोलीत जाऊन झोपते. त्यांचा चहा घट्ट करायला मी शिकले. पूड जास्त पडली की ते चेहरा वाकडा करतात, शब्द आता फारसे येत नाहीत. फळ्यावरच्या अक्षरांकडे बघून ते बोलतात. गेल्या आठवड्यात त्यांनी मला अक्षरांनी सांगितलं की अर्ज पुन्हा करतोय, आणि आता वेदनाही खूप आहेत. खूप आहेत ते मला दिसतं. ते माझ्यासाठी वाढवून सांगत होते का? मी विचारलं नाही.

अध्यक्ष बाईंकडे जाऊन मी या प्रकरणातून बाजूला झाले. या वेळी त्यांनी वकील शोधून ठेवला होता, दुसऱ्या शहरातून बदलून आलेला. हुशार आहे, सगळे प्रश्न त्याने पाठ केलेत. नियमाप्रमाणे तो मुलीला दाराबाहेर बसवेल आणि सरांना एकटं विचारेल, आणि सर नाही म्हणतील. तिला आत बोलवावं हे त्याला सुचणार नाही. आमची सुनावणी गोपनीय होती आणि पुन्हा केलेला अर्ज दुसऱ्या न्यायासनापुढे जातो, त्याला ती वाचायला मिळणार नाही. सरांना हे सगळं ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी मला नको म्हटलं होतं.

काल तो नवा वकील माझ्या खोलीत आला. नम्रपणे खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही त्यांना इतकी वर्षं ओळखता. मी लक्ष ठेवावं असं काही आहे का?"

त्याच्यामागे दार उघडं होतं. मी उठून ते लावलं, परत येऊन बसले, आणि त्याला म्हणाले की नाही, तसं काही नाही.